पाण्यातला पल्ला

कृष्णात जमदाडे फौजेतून नायब सुभेदार होऊन कुंडलला परत आला, तेव्हा त्याच्या दोन्ही लोखंडी पेट्या एस्टीच्या डिकीत होत्या. पण चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू मात्र त्याने सगळा प्रवास मांडीवर आडवी धरून आणली होती. स्टँडवर घ्यायला आलेल्या लोकांनी त्या गुंडाळीकडे बघूनच आवाज खाली केला. सुभेदाराने सरकारी रायफल घरी आणली की काय, असं दोघातिघांना खरंच वाटलं.

घरी चादर सोडली तेव्हा मंगलच आधी हसली.

"आवं, ही कसली बंदूक? हिला तर रबर लावलंय."

"पाण्यातली हाय. मासे मारायची."

"कुंडलात?" मंगल म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

कृष्णात इंजिनिअर रेजिमेंटमध्ये पाणबुड्या होता. पुलाचे खांब तपासणे, नदीत पडलेल्या गाड्या वर काढणे, पुरात वाहून गेलेल्या होड्या तळाशी शोधणे, हे त्याचं नोकरीभरचं काम. शेवटची पोस्टिंग अंदमानला झाली. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याशी त्याची गट्टी जमली. म्हाताऱ्याला हिंदी मोडकीतोडकीच यायची, पण बोलायची गरजही फारशी पडत नसे. सुट्टीच्या दिवशी दोघे खडकाजवळच्या निळ्या पाण्यात उतरत आणि संध्याकाळी वाळूत मासे भाजून खात. निघताना म्हाताऱ्याने स्वतः तासून केलेली ही बंदूक त्याला दिली. कमरेएवढ्या लांबीचा लाकडी दस्ता, त्यावर भाल्यासाठी कोरलेली खाच, खाली घोडा, आणि पुढच्या टोकाला दोन जाड रबरं. रबर ताणून भाल्याच्या खाचेत अडकवायचं, घोडा ओढला की भाला सुटतो. भाल्याच्या मागे दोरी, म्हणजे तो हरवत नाही आणि लागलेला मासाही जात नाही.

बंदूक सोप्यातल्या भिंतीवर टांगली गेली आणि तिथेच राहिली. कृष्णा नदी काही फार लांब नव्हती, पण तिच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, तिथे मासा काय दिसणार! कृष्णात ऊस बघू लागला, दूध डेअरीच्या कट्ट्यावर सकाळी बसू लागला. भिंतीवरची ती वस्तू पाहुण्यांना दाखवायची झाली. कट्ट्यावर कोणी ना कोणी विचारायचंच, "सुभेदार, तुमच्या त्या बंदुकीचा भाला किती लांब जातो?"

"पंचवीस फूट," कृष्णात सांगायचा. "त्यापल्याड मासा दिसला तर ते त्याचं नशीब."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसं आठवत होतं. अंदमानचं पाणी, उन्हाची तिरीप, लांबवर चमकलेला मासा आणि दोरीला बसलेला हिसका. पंचवीस फूट असणारच, असं त्याच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं, आणि कुंडलात ते तपासायला कोणी येणार नव्हतं.

एका उन्हाळ्यात मंगलच्या धाकट्या भावाचा, धनाजीचा, फोन आला. धनाजीची जमीन मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. तिथे त्याने शेततळं खणलं होतं, आत प्लास्टिकचा कागद अंथरला होता. पावसाळ्यात भरलेल्या त्या पाण्यावर त्याची काकडी आणि टोमॅटो उन्हाळा काढायचे. पाणी आहेच तर म्हणून त्यात त्याने रोहू आणि कटल्याची बोटुकली सोडली होती, बोटाएवढी पिल्लं.

"दाजी, तळ्यात मरळ हाय," धनाजी म्हणाला. "पिल्लांबरोबर बारकी आली असणार, आमाला कळलंच न्हाई. आता मांडीएवढी झालीया. यंदा सोडलेली बोटुकली सगळी गिळली तिनं. रोज सकाळी वर येती, घटकाभर हवा खाती, माझ्याकडं बघती आणि जाती."

"जाळं लाव की."

"लावलं. जाळ्यावरनं उडी मारून गेली. गळाला बेडूक लावला, तर बेडूक खाल्ला आणि गळ ठेवला. आणि पाणी सोडावं तर पावसापातूर झाडं कशावर जगवू? म्हणून म्हटलं, तुमची ती बंदूक..."

फोन स्पीकरवर होता. मंगल शेंगा फोडत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "जावा की. इतकी वर्सं लोकांना पंचवीस फूट सांगताय."

कृष्णातला मनातून आनंदच झाला. त्याने त्याच दुपारी बंदूक खाली काढली, धूळ पुसली, आणि रबर जरासं ताणून बघितलं. ते हातातच भुगा होऊन तुटलं. मग गोव्यात स्थायिक झालेल्या एका जुन्या सोबत्याला सांगून त्याने नवी रबरं मागवली. पार्सल आलं, तो गाठी मारत बसला, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात एक शंका आली. त्याने धनाजीला उलटा फोन लावला.

"धनाजी, तो तळ्यातला कागद किती जाड हाय रं?"

धनाजी म्हणाला, "दाजी, त्याला भाला लागला तर मासा ऱ्हाऊ द्या, तळंच जाईल. भोक तळाला पडलं तर पाणी सगळं डोंगरात मुरंल."

कृष्णातने रबर खाली ठेवलं. अंदमानच्या समुद्राला कागद नव्हता. तिथे भाला चुकला तर खडकावर आपटायचा, टोक घासून परत लावायचं, एवढंच. इथे भाला कुठवर जोरात जातो, कुठे त्याचा दम सरतो, हे नेमकं माहीत असल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही, हे त्याला कळलं. आणि तो आकडा आपल्याला ठाऊक नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

स्वच्छ आणि खोल पाणी जवळपास एकाच ठिकाणी होतं. जयपालच्या विहिरीत.

जयपाल आणि कृष्णात शाळेत एका बाकावरचे. जयपालची द्राक्षबाग आणि कृष्णातचा ऊस यांच्यामध्ये एकच बांध होता. विहीर जयपालची, आजोबांच्या काळातली, दगडी बांधणीची, पाण्यापर्यंत पायऱ्या असलेली. लहानपणी दोघेही त्यातच पोहायला शिकले होते. पण जयपालच्या घरी अजूनही पाणी गाळून प्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं, आणि त्या विहिरीतल्या माशांना त्याच्या बापाच्या वेळेपासून कोणी हात लावला नव्हता. कृष्णात ती बंदूक खांद्याला लावून बांधावर आला तेव्हा जयपाल बागेतून बाहेर आला आणि वाटेतच उभा राहिला.

"गड्या, माझ्या विहिरीत मासा मरायचा न्हाई."

"मासा मारायचा न्हाई. फळी मारायची हाय."

"आणि फळी मारून झाल्यावर?"

कृष्णातने त्याला सगळं सांगितलं. मरळ, बोटुकली, कागद. जयपालने ऐकून घेतलं. त्याला ते आवडलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"तू मारणार म्हटल्यावर मारणारच," तो शेवटी म्हणाला. "फौजेत गेलास तवा तरी कुठं विचारलं हुतंस. विहीर घे. पण मी पायरीवर बसणार."

"बस की. पाण्यात एकट्यानं दम धरायचा नसतोच. वर कोणीतरी लागतंच."

फळी जयपालनेच केली. जुन्या गादीतला फोमचा जाड तुकडा, त्यावर मोटारसायकलच्या फाटक्या ट्यूबचं रबर ताणून बसवलेलं, मागे लाकूड. माशाची कातडी आणि मांस म्हणून एवढं पुरे, असं कृष्णात म्हणाला. फळीला दगड बांधून ती पाण्यात सोडली, मोटारीच्या पाइपाला अडकवली. फळीपासून एक दोरी सरळ पाण्यातून काढली आणि तिला हाताहातावर लाल चिंध्या बांधल्या, म्हणजे अंतर दोरीवर वाचता येईल. त्रिशला, जयपालची बायको, कोकम सरबत घेऊन आली. तिने दोरीवरच्या चिंध्या बघितल्या आणि विचारलं, "सुभेदार भाऊजी, विहिरीत लग्न हाय का कुणाचं?"

कृष्णातने डोळ्यांवर काच चढवली, दम घेतला आणि आत गेला. दोन्ही रबरं ताणलेली. हिरवट, गार पाणी, वरून सरळ खाली उतरलेले उन्हाचे पट्टे. किती वर्षांनी! त्याला फळी दिसली, मोठी आणि स्पष्ट. त्याने मनाशी अंदाज केला, पंधरा फूट. थोडा मागे सरकला, वीस. आणखी थोडा, पंचवीस. घोडा ओढला.

भाला सुटला तो झोकात. पण अर्ध्या वाटेवर त्याचं टोक झुकायला लागलं, मग तो वाकडा झाला, आणि फळीपर्यंत पोचायच्या आधीच दमलेल्या म्हाताऱ्यासारखा खाली बसला. दोरीला लोंबकळत, टोक खाली करून.

कृष्णात वर आला, काच कपाळावर सारली आणि पायरीला हात लावून धापा टाकत राहिला. खालचं पाणी इतकं स्वच्छ होतं की जयपालला वरूनच सगळं दिसलं होतं.

"किती लांब हुतो मी?" कृष्णातने विचारलं.

जयपाल दोरीच्या चिंध्या मोजत गेला. "तुझा अंदाज काय?"

"पंचवीस फूट."

"बत्तीस-तेहतीस हाय."

तेव्हा कृष्णातला हवालदाराने कधीकाळी फळ्यावर काढून दाखवलेली आकृती आठवली. पाण्यात काचेतून बघितलं की वस्तू जवळ आणि मोठी दिसते. पाणबुड्याच्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पकड, पान्हा, नट, सगळं तो तसंच समजून हाताळायचा, कारण काम हाताच्या अंतरावर असायचं. मासे मारताना मात्र त्याने ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं. अंदमानात म्हातारा खूण करायचा तेव्हाच तो घोडा ओढायचा. अंतर म्हातारा बघायचा. एवढ्या वर्षांनी, कुंडलच्या विहिरीच्या पायरीवर, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला एकदम हसू फुटलं.

"काय झालं?" जयपाल म्हणाला.

"काय न्हाई. पंचवीस फूट माझं नव्हतंच. त्या म्हाताऱ्याचं हुतं, आणि तेबी पंचवीस नसंल."

मग रोज दुपारी, ऊन विहिरीत सरळ पडायचं त्या वेळेला, दोघांचं हेच चाललं. कृष्णात आधी आपला अंदाज ओरडून सांगायचा, मग दम घेऊन आत जायचा. जयपाल दोरीवर खरं अंतर बघायचा. पहिले काही दिवस अंदाज चुकतच राहिला, मग हळूहळू जुळायला लागला. जे तीन वाव, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांच्या तिप्पट, वाटतं ते चार असतं, हे डोळ्यांना पटवायला वेळ लागतो. डोळे आपलंच खरं म्हणत राहतात.

अंतर कमी करत आणल्यावर फळीवर तीन तऱ्हेच्या खुणा दिसू लागल्या. फार लांबून भाला नुसता आपटून मागे फिरायचा. जरा जवळून तो रबरात टोचायचा आणि तिथेच लटकायचा. आणि दोन वावांच्या आत आलं, की भाला रबर, फोम सगळं फाडून मागच्या लाकडात रुतायचा, तो काढायला पाय लावून ओढावं लागायचं.

एके दिवशी भाला असाच टोचून लटकला होता, आणि तो फळीवर लागला म्हणून कृष्णात खूश होता. "हे धरायला हरकत न्हाई," तो म्हणाला. "अडीच वावावर लागला की!"

जयपालने फळी वर ओढली. भाल्याचं टोक बोटाच्या पेराएवढंच आत गेलं होतं. हलकं ओढलं तर निघून आलं.

"हे माशाला असं लागलं तर काय हुतं?"

"मासा हिसका देऊन पळतो."

"आणि मंग? जगतो?"

"न्हाई. मरतो. पर लगेच न्हाई. दोन-तीन दिसांनी, कुठंतरी कोपऱ्यात."

"मंग हे धरू नकोस," जयपाल म्हणाला. "तुला मारायचंच हाय, ते मी थांबवू शकत न्हाई. पर मारायचं म्हंजे तिथल्या तिथं. न्हाई तर सोडून द्यायचं. भाला कुठवर जातो त्याला पल्ला म्हणू नको."

कृष्णातने वाद घातला नाही. त्याने दोरीवरची, दोन वावावरची चिंधी सोडून तिथे निळी चिंधी बांधली. तिच्यापलीकडे घोडा ओढायचा नाही, असं त्याने मनात ठरवून टाकलं.

कागदाचा प्रश्न अजून होताच. दोन वावावर लाकडात रुतणारा भाला चुकला तर कागदाचं काय करील, हे सांगायला कोणी नको होतं. उपाय जयपालनेच काढला, तोही सरबताचा पेला हातात धरून, सहज.

"एकाच रबरावर बघ की. एवढा जोर लागतो कशाला?"

एका रबरावर भाला वाव-सव्वा वावापर्यंतच नीट काम करायचा. त्यापुढे तो झटकन मवाळ व्हायचा, म्हणून निळी चिंधी आता एका वावावर आली. कृष्णातने भाल्याची दोरीही तेवढीच आखूड केली, म्हणजे भाला चुकला तरी दोरीला हिसका बसून थांबेल. शेवटच्या दिवशी जयपाल पायरीवरून उठला, सदरा काढून ठेवला आणि धोतराचा काचा मारून पाण्यात उतरला. चाळिशीनंतर तो विहिरीत कधी उतरला नव्हता. "जरा तुझी ती काच दे," तो म्हणाला. काच लावून त्याने तोंड पाण्यात घातलं आणि बराच वेळ तसाच तरंगत राहिला. वर आल्यावर त्याच्या नाकातून पाणी गळत होतं.

"आपले मासे लय म्हातारे झालेत रं," तो म्हणाला. "केवढाले झालेत!"

मेढ्याला कृष्णात आणि मंगल दोघेही गेले. धनाजीने सांगितलेलं सगळं बरोबर होतं, फक्त एक गोष्ट सांगायची राहिली होती. तळ्यातलं पाणी हिरवं होतं. शेवाळाचं हिरवं, दाट. वरून छान दिसत होतं. कृष्णात आत उतरला, हात पुढे केला, आणि बोटांच्या पुढे जेमतेम दोन-तीन हात दिसत होतं, त्यापलीकडे सगळी हिरवी भिंत. इतके दिवस विहिरीत पल्ला काढण्यात घालवले, आणि इथे डोळ्यांचाच पल्ला बंदुकीपेक्षा आखूड! त्याच्या तोंडातून हसण्याचे बुडबुडे सुटले आणि नाकात पाणी गेलं.

"काय झालं, दाजी?" धनाजी काठावरून ओरडला. "कागद फाटला का?"

"न्हाई रं. एकच रबर लावलंय ते बरं झालं."

मरळीला इतर माशांसारखं पाण्यातच श्वास घेऊन भागत नाही, तिला हवेसाठी वर यावंच लागतं. धनाजीची मरळ तळ्याच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात वर यायची. कृष्णातने जागा हेरली. त्याने धनाजीला आणि मंगलला आपल्या पाठीमागच्या काठावर उभं केलं, समोर कोणी यायचं नाही म्हणून बजावलं. तळ्याच्या लांबीच्या दिशेने तोंड करून तो आडवा झाला, म्हणजे भाला चुकला तरी समोर लांबपर्यंत नुसतं पाणी. दम धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. हलायचं नाही.

ती आली तेव्हा आधी काही दिसलंच नाही. हिरव्या भिंतीतला एक तुकडा जरा गडद झाला. मग डोकं, सापासारखं चपटं, मग अंगावरचे काळपट पट्टे. ती वर चढत होती, सावकाश, मालकिणीसारखी. कृष्णातला ती हातभर अंतरावर वाटली. दिसतं त्यापेक्षा लांब, त्याने स्वतःला सांगितलं. पण तेवढ्यात ती वळली, आणि त्याचं बोट मनाच्या आधी हललं.

भाला तिच्या पोटाखालून गेला. दोरीला हिसका बसला. मरळ शेपटीचा एक फटका मारून नाहीशी झाली. कृष्णात भाल्यामागे गेला. हिरव्या पाण्यात न दिसलेला कोपऱ्यातला उतार वाटला होता त्याहून जवळ निघाला. भाला उतरत्या कागदाच्या वीतभर अलीकडे थांबून दोरीवर लोंबत होता. त्याने हाताने कागद चाचपून बघितला. गुळगुळीत. ओरखडासुद्धा नाही.

तो वर आला. मंगलने टॉवेल पुढे केला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आज पुरं. ती काय पळून जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा उतरला. आता त्याने त्या कोपऱ्याच्या अलीकडचा, तळ्याच्या मध्याकडचा भाग धरला, दोन्हीकडचे उतार लांब राहतील असा. धनाजी काठावर बसून काकडी खात होता. आज मरळ उशिरा आली, आणि कालच्या अनुभवाने ती सावध असेल असं वाटलं होतं, पण ती तशीच आली, सावकाश. कृष्णातने घाई केली नाही. ती वळली तरी बोट हलवलं नाही. ती त्याच्याकडे बघत पुढे आली, आणि जेव्हा तिच्या डोळ्याभोवतीचा पिवळा काठ त्याला स्पष्ट दिसला, तेव्हा हीच ती वावभराची जागा, विहिरीतल्या निळ्या चिंधीची, हे त्याच्या अंगालाच कळलं. बोट हललं.

हिसका बसला नाही. धडपडही झाली नाही. भाला डोक्याच्या मागे शिरला आणि मरळ जागच्या जागी स्तब्ध झाली, आणि हळूहळू कुशीवर झाली.

काठावर तिला आडवी ठेवली तेव्हा धनाजीची मांडी खरंच तिच्यापेक्षा बारीक वाटली. शेजारच्या दोन वस्त्यांवरून लोक बघायला आले. मंगलने भावजयीबरोबर चुलीवर कालवण टाकलं, खोबरं आणि कांदा भाजून, वरून कोकम. सगळ्यांना पोटभर झालं. धनाजीच्या आईने, म्हातारीने, जावयाला काटे काढून मोठ्ठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "लेकीनं बरा नवरा केला." मंगल म्हणाली, "तुमीच केलाय, मी कुठं बघितलं हुतं." कृष्णात खाली मान घालून जेवत राहिला. इतकं तृप्त त्याला रिटायर झाल्यापासून वाटलं नव्हतं.

धनाजीने पुन्हा बोटुकली सोडायचं ठरवलं, यावेळी चाळणीतून एक-एक बघून. दोघे दाजी-मेव्हणे तळ्याच्या काठाने फिरून कागदाचे सांधे तपासून आले. जायच्या आधी मंगल म्हणाली, "मला जरा त्या काचेतनं बघू द्या." तिने पदर खोचला, काठावर गुडघे टेकले आणि तोंड पाण्यात घातलं. कृष्णात तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. बराच वेळ ती हललीच नाही. मग वर आली, केस गळत होते.

"काय दिसलं?"

"हिरवंगार," ती म्हणाली. "निसतं हिरवंगार. अजून एकदा बघते."

कुंडलला परतल्यावर कृष्णात सरळ बांधावर गेला. जयपाल द्राक्षाच्या काड्या बांधत होता. त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

"लागली?"

"लागली. एकदा चुकली, मंग लागली."

"तिथल्या तिथं?"

"तिथल्या तिथं. हललीबी न्हाई."

जयपालने मान डोलावली. पुढची काडी हातात घेतली, सुतळी गुंडाळली, गाठ मारली. त्याला आनंद झाला नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावरचा काही दिवसांचा ताण उतरला होता, हे कृष्णातला दिसलं. पुढे दोघांत मरळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

डेअरीच्या कट्ट्यावर पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, तेव्हा कृष्णात म्हणाला, "एक वाव." ऐकणाऱ्यांची निराशा झाली. मग तो तासभर सांगत बसला, पाणी हिरवं असलं तर काय, रबर एक असलं तर काय, आणि काचेतून फळी कशी जवळ दिसते ते. लोकांना ते पंचवीस फुटांपेक्षा जास्त आवडलं. नाथाजी नावाच्या एका म्हाताऱ्याने तर दूध घालायचं विसरून किटली तशीच घरी नेली.

उन्हाळा संपेपर्यंत जयपाल रोज दुपारी विहिरीत उतरायचा. काच कृष्णातची, पायरी जयपालची. एक जण पोहायचा, दुसरा पायरीवर बसायचा, मग पाळी बदलायची. त्रिशलाने वरून हाक मारली की दोघेही ओल्या पायाने वर यायचे, आणि आंब्याच्या सावलीत अंग पुसत, उसाला पाणी कधी सोडायचं याची बोलणी करत बसायचे.